सहा वर्षांचा हिशेब : बेसबॉलमधील करार आणि फ्री एजन्सी नेमकी कुठे सुधारावी

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलचे संघमालक आणि खेळाडू संघटना यांच्यातला सध्याचा सामूहिक करार १ डिसेंबर २०२६ रोजी संपतो. एकीकडे हुआन सोटो या नामवंत फलंदाजाला १५ वर्षांसाठी ७६ कोटी ५० लाख डॉलर मिळतात, आणि दुसरीकडे पगारांवर कमाल मर्यादा घातल्याशिवाय खेळ टिकणार नाही असे मालकांच्या बाजूने सांगितले जाते. अशा वेळी खेळाडूंच्या करारांचे आणि फ्री एजन्सीचे, म्हणजे हव्या त्या संघाशी करार करण्याच्या मोकळीकीचे, नियम सुधारायचे असतील, तर सुरुवात कुठून करावी?

मी गेली अठरा वर्षे पगार-लवादाच्या (पगाराचा वाद तटस्थ लवादांपुढे सोडवण्याच्या) सुनावण्यांसाठी खेळाडूंच्या बाजूने प्रकरणे तयार करतो. माझे मत त्या बाजूने तयार झालेले आहे आणि वाचकाने ते तसेच समजून घ्यावे. माझ्या मते सुधारणेची खरी जागा सोटोच्या करारात नाही. ती खेळाडूच्या मेजर लीगमधल्या पहिल्या सहा वर्षांत आहे, कारण ती पूर्ण होईपर्यंत त्याला फ्री एजन्सी मिळत नाही. वर्तमानपत्रांतून गाजणारे करार या व्यवस्थेच्या शेवटच्या टोकाला असतात आणि तिथवर पोचणारे खेळाडू मूठभर असतात. मेजर लीगमध्ये पाऊल ठेवणाऱ्यांपैकी बहुसंख्यांची सहा वर्षे पूर्णच होत नाहीत. त्यांच्यासाठी फ्री एजन्सी हा हक्क कागदावरच राहतो.

हे सहा वर्षांचे बंधन कुठून आले हे आधी पाहिले पाहिजे, कारण आज ते निसर्गनियमासारखे गृहीत धरले जाते. १८७९ साली नॅशनल लीगच्या मालकांनी आपसात ठरवले की प्रत्येक संघाने पाच खेळाडू राखून ठेवावेत आणि त्यांना इतर कोणी हात लावू नये. पुढे ही राखीव यादी वाढत वाढत सगळ्या खेळाडूंपर्यंत गेली आणि तिचे कलम छापील करारात शिरले. त्या कलमाचा अर्थ वरवर साधा होता : करार संपल्यावर खेळाडूने नवा करार केला नाही, तर संघाला जुना करार त्याच अटींवर आणखी एका वर्षासाठी वाढवता येईल. मालकांनी त्याचा अर्थ असा लावला की वाढवलेल्या करारातही हेच कलम असल्यामुळे तो पुन्हा वाढवता येतो, आणि पुन्हा, आणि पुन्हा. एका वर्षाच्या कलमातून आयुष्यभराची मालकी निर्माण झाली. १९२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉल हा आंतरराज्य व्यापार नाही असे ठरवून त्याला मक्तेदारीविरोधी कायद्याच्या बाहेर ठेवले आणि १९५३ मध्ये तोच निर्णय कायम केला. त्यामुळे खेळाडूला दाद मागायला जागाच उरली नाही.

कर्ट फ्लड या सेंट लुईसच्या खेळाडूने ती जागा पुन्हा शोधली. ऑक्टोबर १९६९ मध्ये त्याला न विचारता फिलाडेल्फियाच्या संघाकडे पाठवण्यात आले, तेव्हा तो बारा वर्षे एकाच संघाकडून खेळलेला आणि वर्षाला ९० हजार डॉलर कमावणारा नामवंत खेळाडू होता. त्याने २४ डिसेंबर १९६९ रोजी बेसबॉलचे आयुक्त बोवी कून यांना पत्र लिहून कळवले की, माझ्या इच्छेचा विचार न करता विकत घ्यावी आणि विकावी अशी मी मालमत्ता नाही. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९७२ मध्ये तो पाच विरुद्ध तीन मतांनी हरला. खालच्या न्यायालयातल्या सुनावणीला जॅकी रॉबिन्सन आणि हँक ग्रीनबर्ग हे निवृत्त खेळाडू साक्षीला आले, पण त्या वेळी खेळत असलेला एकही खेळाडू न्यायालयात त्याच्या बाजूला येऊन बसला नाही. आज कोट्यवधींचे करार करणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट एकदा तरी वाचावी असे मला मनापासून वाटते.

न्यायालयात जे जमले नाही ते करारातल्या एका छोट्या तरतुदीने साधले. पोलाद कामगारांच्या संघटनेतून आलेले मार्विन मिलर १९६६ पासून खेळाडू संघटनेचे प्रमुख होते. १९७० च्या सामूहिक करारात त्यांनी एक अट मिळवली : करारासंबंधीच्या तक्रारी आयुक्ताऐवजी तटस्थ लवादापुढे जातील. डिसेंबर १९७४ मध्ये ओकलंडच्या मालकाने कॅटफिश हंटर याच्या करारातली विम्याची रक्कम ठरल्याप्रमाणे भरली नाही म्हणून लवाद पीटर सायट्झ यांनी त्या मालकानेच करार मोडला असे ठरवले, आणि हंटरला खुल्या बाजारात काय भाव मिळतो हे सगळ्या खेळाडूंनी पाहिले. पुढच्याच वर्षी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली यांनी सही न करता हंगाम सुरू केला. वर्ष संपल्यावर त्यांचा दावा होता की एका वर्षाची मुदतवाढ म्हणजे एकच वर्ष, आणि ते आता संपले आहे. सायट्झ यांनी दोन्ही बाजूंना आधी आपसात तडजोड करण्याचा आग्रह केला. मालकांनी ऐकले नाही. २३ डिसेंबर १९७५ रोजी निकाल खेळाडूंच्या बाजूने लागला आणि मालकांनी त्याच दिवशी सायट्झ यांना कामावरून दूर केले.

इथे एक बारकावा आहे आणि माझ्या पुढच्या सगळ्या म्हणण्याचा पाया तोच आहे. निकालानंतर तत्त्वतः प्रत्येक खेळाडू एका वर्षात मोकळा होऊ शकत होता. ओकलंडचे मालक चार्ली फिन्ली यांनी तर इतर मालकांना सांगितले की सगळ्यांनाच दरवर्षी फ्री एजंट करून टाका. मिलर यांना हीच भीती होती, कारण सगळा माल एकाच वेळी बाजारात आला की भाव पडतो, आणि दरवर्षी मोजकेच खेळाडू मोकळे झाले तर संघ त्यांच्यासाठी एकमेकांवर चढाओढ करतात. म्हणून १९७६ च्या करारात संघटनेने सहा वर्षांचे बंधन स्वतःहून मान्य केले. त्या काळाच्या परिस्थितीत हा अतिशय हुशारीचा सौदा होता. १९७६ मध्ये सरासरी पगार सुमारे ५१ हजार डॉलर होता, तो १९८० मध्ये १ लाख ४० हजारांच्या वर गेला. पण सौद्याला वेळकाळ असतो. सहा हा आकडा एका विशिष्ट बाजारासाठी ठरवला होता, आणि तो बाजार आता राहिलेला नाही.

आजची रचना अशी आहे. मेजर लीगमधली पहिली तीन वर्षे खेळाडूला संघ देईल तो पगार घ्यावा लागतो, आणि तो बहुतेक वेळा किमान वेतनाच्या आसपास असतो. त्यानंतरची तीन वर्षे त्याला पगार-लवादाचा हक्क असतो, पण संघ बदलण्याचा नसतो. दोन ते तीन वर्षांच्या दरम्यान सेवा झालेल्या खेळाडूंपैकी वरच्या २२ टक्क्यांना हा लवाद एक वर्ष आधी मिळतो. सहा वर्षे पूर्ण झाली की तो मोकळा. या व्यवस्थेमागे एक न लिहिलेले वचन होते : तरुणपणी कमी घे, पुढे आम्ही भरून देऊ. तिशी ओलांडलेल्या खेळाडूला संघ त्याच्या गतकाळच्या कामगिरीवर मोठे करार देत, आणि त्यामुळे एकूण आयुष्याचा हिशेब कसाबसा जुळत असे. मागच्या दीड-दोन दशकांत प्रत्येक संघाच्या कचेरीत आकडेशास्त्रज्ञ बसले. बेसबॉलपटूची कामगिरी साधारण पंचविशी ते तिशीच्या दरम्यान शिखरावर असते आणि नंतर उतरू लागते, हे त्यांनी मालकांना आकड्यांनी दाखवून दिले. २०१७-१८ च्या हिवाळ्यात कितीतरी अनुभवी खेळाडू सराव शिबिरे सुरू झाली तरी करारावाचून घरी बसले होते. संघांनी वचनाचा दुसरा अर्धा भाग पाळणे सोडले, पहिला अर्धा भाग मात्र करारात जसाच्या तसा राहिला. माझ्या दृष्टीने आजच्या सगळ्या तंट्याचे मूळ इथे आहे.

न्यूयॉर्क यांकीजच्या आरन जजचा हिशेब मांडून पाहा. २०१७ मध्ये त्याने ५२ होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखे फटके) मारले, तो त्या वेळी नवोदितांचा विक्रम होता, आणि त्या वर्षी त्याचा पगार ५ लाख ४४ हजार ५०० डॉलर होता. पुढच्या दोन वर्षांत तो सात लाखांच्याही आतच राहिला. लवादाच्या टप्प्यात २०२० साठी ८५ लाख, २०२१ साठी १ कोटी १ लाख ७५ हजार आणि २०२२ साठी १ कोटी ९० लाख अशी वाढ झाली. करारानुसारच्या या सहा हंगामांच्या पगारांची बेरीज साधारण ३ कोटी ९५ लाख डॉलर होते. त्यानंतर तो मोकळा झाला आणि त्याने नऊ वर्षांसाठी ३६ कोटी डॉलरचा करार केला, म्हणजे वर्षाला ४ कोटी. सहा वर्षांत मिळून जे मिळाले नाही ते मोकळा झाल्यावर एका वर्षात मिळाले, आणि हे अशा खेळाडूच्या बाबतीत झाले ज्याने सहाव्या वर्षी ६२ होमरन मारून अमेरिकन लीगचा (मेजर लीगमधल्या दोन लीगपैकी एकीचा) विक्रम मोडला. त्या हंगामात त्याचा खांदा किंवा गुडघा निकामी झाला असता तर तो ३६ कोटींचा आकडा कधी लिहिलाच गेला नसता. जखमेचा सगळा धोका खेळाडूने सोसायचा आणि स्वस्ताईचा सगळा फायदा संघाने घ्यायचा, अशी ही वाटणी आहे.

त्यात पुन्हा वर्ष कसे मोजायचे, इथे खरी मेख आहे. हंगाम साधारण १८७ दिवसांचा असतो, पण खेळाडूच्या नावावर १७२ दिवस लागले की सेवेचे एक वर्ष पूर्ण धरले जाते. खेळाडूला मेजर लीगच्या यादीत कधी घ्यायचे हे मात्र संघ ठरवतो. म्हणजे घड्याळ एका पक्षाच्या हातात आणि वेळेची किंमत दुसऱ्या पक्षाने मोजायची. शिकागो कब्ज संघाने २०१५ मध्ये क्रिस ब्रायंटला सराव सामन्यांत तुफान खेळूनही सुरुवातीच्या यादीतून वगळले आणि १७ एप्रिलला बोलावले. हंगाम संपला तेव्हा त्याचे १७१ दिवस भरले होते. एका दिवसासाठी त्याची फ्री एजन्सी एक संपूर्ण वर्ष पुढे गेली. त्या वर्षी तो सर्वोत्तम नवोदित ठरला आणि पुढच्या वर्षी लीगचा सर्वात मौल्यवान खेळाडू. त्याच्या वतीने संघटनेने तक्रार केली, पण जानेवारी २०२० मध्ये लवादाने ती फेटाळली. त्याला बचावाचे धडे गिरवायचे आहेत असे संघाने कारण दिले होते, आणि ते कारण खोटे आहे हे सिद्ध करणे जवळजवळ अशक्य असते.

२०२२ च्या करारात यावर एक उपाय आला. नवोदितांच्या पुरस्कारात पहिल्या दोन क्रमांकांत येणाऱ्याला उशिरा बोलावले असले तरी पूर्ण वर्षाची सेवा मिळते. अ‍ॅडली रचमन २०२२ मध्ये मे महिन्यात आला आणि पॉल स्कीन्स २०२४ मध्ये मे महिन्यात आला, दोघांनाही याचा लाभ झाला. संघाने होतकरू खेळाडूला पहिल्या दिवसापासून यादीत ठेवले आणि तो पुरस्कार जिंकला, तर संघाला भरतीत (नवे खेळाडू पाळीपाळीने निवडण्याच्या वार्षिक ड्राफ्टमध्ये) एक जादा निवडही मिळते. ही तरतूद चांगली आहे आणि तिचे श्रेय दोन्ही बाजूंना द्यायला हवे. पण ती दर हंगामात प्रत्येक लीगमधल्या दोघांनाच हात देते. तिसऱ्या क्रमांकाच्या, दहाव्या क्रमांकाच्या, किंवा जो कधीच पुरस्काराच्या जवळ येणार नाही अशा साध्या राखीव गोलंदाजाच्या दिवसांची मोजणी आजही तशीच चालते. मालकांनी केलेल्या ९९ दिवसांच्या टाळेबंदीनंतर १० मार्च २०२२ रोजी झालेल्या त्या करारात तीन वर्षांच्या आतल्या खेळाडूंसाठी दरवर्षी ५ कोटी डॉलरचा बोनस निधी आला आणि किमान वेतन ७ लाख डॉलर झाले, जे २०२६ मध्ये ७ लाख ८० हजार आहे. दिशा बरोबर होती, पाऊल मात्र लहान पडले.

आता लवादाकडे येतो, कारण तो मी जवळून पाहतो. फेब्रुवारीत, एखाद्या हॉटेलच्या बैठकीच्या खोलीत तीन लवाद बसतात. एका टेबलाशी संघाची माणसे, समोरच्या टेबलाशी खेळाडू, त्याचा एजंट आणि आमच्यासारखे लोक. प्रत्येक बाजूला मांडणीसाठी एक तास आणि उत्तरासाठी अर्धा तास. दोघांनीही आधीच आपापला आकडा दिलेला असतो आणि लवादांना त्या दोनपैकी एकच निवडायचा असतो, मधला नाही. त्यामुळे सगळा वाद दोन आकड्यांच्या मध्यबिंदूभोवती फिरतो : या माणसाची किंमत मध्यबिंदूपेक्षा एक डॉलर जास्त आहे की एक डॉलर कमी. काही वर्षांपूर्वी मी एका सव्वीस वर्षांच्या गोलंदाजाच्या शेजारी बसलो होतो. समोरच्या वकिलाने फाईल उघडली आणि पडद्यावर तक्ते लावायला सुरुवात केली : दबावाच्या प्रसंगी दिलेल्या धावा, सहाव्या डावानंतर कमी होणारा वेग, पाठीच्या दुखण्यामुळे बाहेर बसलेले तीन आठवडे. हॉटेलच्या छोट्या पॅडवर तो मुलगा प्रत्येक आकडा लिहून घेत होता आणि लिहून झाल्यावर त्याखाली रेघ मारत होता. फाईलमध्ये वापरलेले काही निष्कर्ष त्याच संघाच्या प्रशिक्षकांनी त्याला सुधारणेसाठी विश्वासाने सांगितलेले होते. दोन आकड्यांतले अंतर ४ लाख डॉलरचे होते. आम्ही हरलो. निकालाला कारणे जोडलेली नसतात, त्यामुळे का हरलो हेही मी त्याला सांगू शकलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो त्याच संघाच्या शिबिरात, त्याच प्रशिक्षकांसमोर सरावाला उभा होता.

हा एकट्याचा अनुभव नाही. २०२३ मध्ये मिलवॉकीचा कॉर्बिन बर्न्स १ कोटी ७ लाख ५० हजार मागत होता आणि संघ १ कोटी १० हजार द्यायला तयार होता. तो हरला आणि संघाशी असलेले नाते यामुळे निश्चित दुखावले असे त्याने उघडपणे सांगितले. एका वर्षाच्या आत तो दुसऱ्या संघात गेला. संघांनी अलीकडे असा पवित्रा घेतला आहे की आकडे दाखल झाले की एका वर्षाच्या करारावर पुढे बोलणीच करायची नाहीत, थेट सुनावणीला जायचे. त्यामुळे पूर्वी तडजोडीत मिटणारी प्रकरणेही आता त्या खोलीपर्यंत येतात. जे. डी. डेव्हिसचे प्रकरण तर माझ्या व्यवसायातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे आहे. २०२४ मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध सुनावणी जिंकला, पगार ६९ लाख ठरला, आणि मार्चमध्ये संघाने त्याला सोडून दिले. त्याच्या हातात सुमारे ११ लाख पडले. सुनावणीशिवाय झालेल्या करारांतली रक्कम हमीची असते, पण सुनावणीत ठरलेल्या पगाराची हंगाम सुरू होईपर्यंत तशी हमी नसते. हक्क बजावणाऱ्यालाच कमी संरक्षण मिळावे, हा नियम आहे तसा राहणे मला मान्य नाही.

या परिस्थितीचा आणखी एक परिणाम फारसा चर्चिला जात नाही. पहिली वर्षे इतकी स्वस्त असतात की तरुण खेळाडू आपली पुढची वर्षे मिळेल त्या भावाला विकतो. २०१९ मध्ये अटलांटाने ओझी अल्बीजशी सात वर्षांसाठी ३ कोटी ५० लाखांचा करार केला आणि त्यावर प्रत्येकी ७० लाखांची दोन वर्षे संघाच्या मर्जीवर ठेवली. अल्बीज कुरसाओतून अवघ्या ३ लाख ५० हजार डॉलरच्या बोनसवर आला होता. रोनाल्ड अकुन्या तर व्हेनेझुएलातून १ लाखावर आला होता, आणि त्याने त्याच वर्षी आठ वर्षांसाठी १० कोटींचा करार केला. लोक त्यांच्या एजंटांना दोष देतात. पण ज्याने मोठी रक्कम कधी पाहिलीच नाही, ज्याच्यामागे घर आहे आणि ज्याला उद्याच्या दुखापतीची खात्री नाही, त्याच्यापुढे आयुष्यभराची निश्चिंती ठेवली की तो सही करणारच. हा आवळा देऊन कोहळा काढण्याचा व्यवहार आहे, आणि त्याला दोषी ती सही नव्हे, तर त्या सहीपर्यंत खेळाडूला पोचवणारा नियम आहे.

मग बदल काय करावा? माझी पहिली मागणी अशी की सेवेची सहा वर्षे किंवा वयाची साडेएकोणतीस वर्षे, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तेव्हा खेळाडू मोकळा व्हावा. ‘जे आधी’ हे दोन शब्द सगळ्यात महत्त्वाचे आहेत. २०२१ च्या वाटाघाटींत मालकांनीही साडेएकोणतीसचा प्रस्ताव मांडला होता, पण तो सरसकट होता. त्या नियमाने एकोणिसाव्या वर्षी पदार्पण करून सव्विसाव्या वर्षी मोकळा झालेला सोटो आणखी तीन वर्षांहून अधिक काळ बांधला गेला असता. ‘जे आधी’ या रूपात मात्र सोटोचे काही बिघडत नाही, आणि २६ एप्रिल १९९२ ला जन्मलेला जज २०२१ चा हंगाम संपताच मोकळा झाला असता. विद्यापीठातून उशिरा आलेले, हाताच्या शस्त्रक्रियेत दोन वर्षे गमावलेले, मायनर लीगमध्ये (मेजर लीगच्या खालच्या पातळ्यांवर) रखडलेले असे सगळे खेळाडू या नियमाने सुटतात. शिवाय वय कोणत्याही संघाच्या कचेरीतून लांबवता येत नाही, त्यामुळे सत्ताविशी ओलांडलेल्याला एप्रिलमध्ये दोन आठवडे थांबवून ठेवण्यात कोणाला काही मिळत नाही.

दुसरी मागणी लवादाची. दोन वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला तो हक्क मिळावा, वरच्या २२ टक्क्यांनाच नव्हे. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत लवादाची पात्रता दोन वर्षांचीच होती, तेव्हा हे काही नवीन मागणे नाही. सुनावणीत ठरलेला पगार पूर्ण हमीचा असावा. आणि संघाने स्वतःच्या खेळाडूला शिकवण्यासाठी गोळा केलेली खासगी माहिती त्याच्याविरुद्ध वापरता येऊ नये, एवढी साधी अट घालायला कोणाचेही नुकसान नाही. मालकांनी त्याच २०२१ च्या बोलण्यांत सुचवले होते की लवाद बंदच करून कामगिरीच्या एका सूत्राने पगार ठरवावा. सुनावणीतल्या कटुतेचा मला कितीही वीट आला असला, तरी मी या सूत्राच्या विरोधात आहे, कारण एकदा सूत्र आले की पगाराचा बाजाराशी असलेला धागा तुटतो. नव्या मोकळ्या खेळाडूला जास्त मिळाले की आज लवादातल्या तुलना वर सरकतात. सूत्र मात्र पुढच्या करारापर्यंत गोठलेले राहते.

तिसरी गोष्ट क्वालिफाइंग ऑफरची. मोकळ्या होणाऱ्या चांगल्या खेळाडूला त्याचा जुना संघ वरच्या १२५ पगारांच्या सरासरीइतका एका वर्षाचा देकार देतो. तो नाकारल्यास त्याला घेणाऱ्या नव्या संघाला भरतीतल्या निवडी गमवाव्या लागतात. मोकळा झालेल्या माणसाच्या गळ्यात बांधलेली ही धोंड आहे. २०१९ मध्ये क्रेग किंब्रल आणि डॅलस कायकल यांना जून उजाडेपर्यंत कोणी घेतले नाही, भरती होऊन तो दंड संपला आणि मगच करार झाले. २०२२ मध्ये ही पद्धत जवळजवळ गेलीच होती, पण तिच्या बदल्यात मालकांना परदेशी खेळाडूंसाठी भरतीची पद्धत हवी होती आणि २५ जुलैच्या मुदतीत त्यावर एकमत झाले नाही. लहान संघाला खेळाडू गेल्याची भरपाई जरूर द्यावी, पण ती लीगने जादा निवडीच्या रूपाने द्यावी. घेणाऱ्या संघाला दंड कशासाठी?

लहान शहरांच्या संघांचे काय, हा आक्षेप खरा आहे आणि मी तो हलका मानत नाही. क्लीव्हलंड किंवा पिट्सबर्गच्या प्रेक्षकाला आपला आवडता खेळाडू पाचव्या वर्षी निघून गेलेला पाहणे क्लेशाचे असते. पण त्याचा उपाय खेळाडूच्या पगारातून का काढायचा? स्थानिक उत्पन्नाचा ४८ टक्के वाटा एकत्र करून संघांत समान वाटण्याची पद्धत आजही आहे. तो पैसा खेळाडूंवर खर्च झाला पाहिजे ही अट मात्र ढिली आहे. २०१८ मध्ये संघटनेने याच कारणावरून मायामी, पिट्सबर्ग, टँपा बे आणि ओकलंड या चार संघांविरुद्ध तक्रार केली होती. उलट मिलवॉकीसारखा लहान शहराचा संघ २०२५ मध्ये ९७ विजयांसह अख्ख्या लीगमध्ये पहिला आला. पुढे त्यांना हरवणारा लॉस एंजेलिस डॉजर्स संघ श्रीमंत आहे हे खरे, आणि २०२४ साठी त्याने १० कोटींहून अधिक लक्झरी टॅक्स (ठरावीक पातळीच्या वर गेलेल्या पगारखर्चावरचा कर) भरला हेही खरे. पैशाने फरक पडतो, फक्त तो सगळे ठरवत नाही.

म्हणून पगारांच्या कमाल मर्यादेबद्दल माझे मत स्पष्ट नकाराचे आहे. मराठी वाचकाला ही मर्यादा आयपीएलच्या लिलावातून चांगली माहीत आहे. २०२५ च्या हंगामाआधीच्या मोठ्या लिलावात प्रत्येक संघाची थैली, आधीच राखलेल्या खेळाडूंचा खर्च धरून, १२० कोटी रुपयांची होती आणि ऋषभ पंतचे २७ कोटी त्या थैलीतूनच आले. एकाला जास्त म्हणजे दुसऱ्याला कमी, हे तिथे उघड दिसते, आणि कोणत्या शहरासाठी खेळायचे हे खेळाडूला निवडता येत नाही. बेसबॉलमध्ये मर्यादा आली की पहिली कात्री मधल्या थरावर चालेल : तिशीतले, सात-आठ वर्षे निष्ठेने खेळलेले, तारा नसलेले खेळाडू. ऑगस्ट २०२१ मध्ये बेसबॉलच्या मालकांनी दहा कोटी डॉलरची किमान खर्चमर्यादा देऊ केली होती, पण तिच्या बदल्यात कराची पातळी १८ कोटींवर खाली आणण्याची मागणी होती. खालच्याला जे द्यायचे ते वरच्यापासून काढून घ्यायचे आणि एकूण बिल वाढू द्यायचे नाही, एवढाच त्याचा अर्थ. अशा मर्यादेसाठी आइस हॉकीच्या लीगने २००४-०५ चा पूर्ण हंगाम घालवला. बेसबॉलच्या मालकांनी १९९४ मध्ये हाच आग्रह धरला तेव्हा संप २३२ दिवस चालला आणि त्या वर्षी विजेतेपदाची अंतिम मालिका, वर्ल्ड सिरीज, झालीच नाही.

डॉजर्सच्या शोहेई ओहतानीच्या करारातल्या ७० कोटी डॉलरपैकी ६८ कोटी देणे पुढे ढकलले गेल्यावरून बराच गदारोळ झाला आहे, पण तो माझ्या मते बाजूचा विषय आहे. करासाठी त्या कराराची किंमत आजच्या मूल्याने वर्षाला साधारण ४ कोटी ६० लाख धरली जाते. हिशेबाची रीत आहे, सवलत नाही. बिनव्याजी उधारीवर काही टक्क्यांची कमाल मर्यादा घालायची असेल तर संघटनेने त्यावर अडून बसू नये आणि त्या बदल्यात ‘जे आधी’ हे दोन शब्द पदरात पाडून घ्यावेत.

मायनर लीगच्या मुलांनी तर या बाबतीत मोठ्यांना वाट दाखवली आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये ते संघटनेत आले आणि मार्च २०२३ मध्ये त्यांचा पहिला सामूहिक करार झाला. सर्वांत वरच्या पातळीचा किमान पगार १७ हजार ५०० वरून ३५ हजार ८०० डॉलर झाला आणि अगदी तळच्या केंद्रांतला ४ हजार ८०० वरून १९ हजार ८०० झाला. त्याच करारात एकोणीस किंवा त्याहून अधिक वयाच्या नव्या खेळाडूंवरचा संघाचा ताबा सात वर्षांवरून सहा वर्षांवर आला. म्हणजे ताब्याची वर्षे वयाशी जोडता येतात हे मालकांनी सहीनिशी मान्य केलेले आहे, फक्त एक पायरी खाली. डिसेंबर २०२६ च्या आधी संघटना जेव्हा टेबलावर बसेल, तेव्हा तिने तोच कागद समोर ठेवून तिथून बोलायला सुरुवात करावी.